उजू विसरली

"बंदरावर बावटा चढलाय," असं म्हणत बाबा पडवीच्या पायऱ्या चढले आणि बाकावर बसून धापा टाकायला लागले.

बाबा म्हणजे माझे सासरे, विश्राम तोडणकर. सगळी नोकरी त्यांनी साखरवेळच्या खाडीवर तरीची तिकिटं फाडण्यात काढली होती. आमच्या घरापासून बंदर पाच मिनिटांवर, पण त्या आठवड्यात त्यांना तेवढ्याला पंधरा मिनिटं लागत होती. दमा जुना. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी निळा पंप काढला, हलवला, तोंडात धरून दोनदा ओढला आणि श्वास जरा बसल्यावर माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"काय बार्शीकर, वादळ बघितलंस कधी?"

"वावटळ बघितलीय," मी तांदूळ निवडता निवडता म्हटलं. "एकदा आमच्या काकांचं वाळत घातलेलं धोतर गेलं, ते तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलाच्या लिंबावर सापडलं."

बाबा हसले आणि हसता हसता खोकायला लागले. आतून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज आला, "उजू, त्यांना हसवू नको गो. आधीच छाती भरल्येय."

लग्नाला आठ महिने झाले होते. माझा नवरा दिगंबर ठाण्याला कारखान्यात होता आणि तिथे चौघांत एक खोली घेऊन राहत होता. स्वतंत्र जागा मिळेपर्यंत मी साखरवेळला सासू-सासऱ्यांजवळ. दिवाळी होऊन गेलेली, तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. कापलेल्या भाताची उडवी अंगणात रचून ठेवली होती, झोडायची राहिली होती. असल्या दिवसांत समुद्राला हे काय सुचलं म्हणून सगळं गाव वैतागलं होतं.

मला मासा खाता येत नसे. पहिल्याच आठवड्यात घशात काटा अडकला आणि अख्ख्या घरानं मला कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले. दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वतः जेवायच्या आधी माझ्या ताटातल्या तुकडीचे काटे काढून द्यायला लागले. सासऱ्यानं सुनेच्या ताटात हात घालायचा, हे आईंना बिलकूल पटत नसे.

"शेजारीण बघील तर काय म्हणेल?"

"म्हणेल, पोरगी जगली," बाबा म्हणायचे आणि आणखी एक काटा ताटाच्या कडेला ठेवायचे.

आईंच्या घरात बोलण्याचे नियम फार. चुलीपुढे अमुक बोलू नये, तिन्हीसांजेला तमुक बोलू नये. मी नवीन असताना एकदा "मीठ संपलं" म्हणाले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "संपलं म्हणू नये गो घरात." बरं, म्हणून पुढच्या वेळी मी म्हटलं, "मीठ नाहीय." ते तर आणखीच वाईट निघालं. काय म्हणू नये ते त्या सांगत, काय म्हणावं ते सांगत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. त्यापेक्षा सरळ रिकामी बरणी नेऊन त्यांच्यापुढे ठेवायची, असा मी तोडगा काढला होता. तिखट जिभेची सून आणि जपून बोलणारी सासू, दोघींचं त्यामुळे बरं चाललं होतं.

माझी एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली होती, ती म्हणजे माझी स्मरणशक्ती. बार्शीला आमचं किराणा दुकान. गिऱ्हाइकानं यादी एकदा वाचून दाखवायची, चाळीस जिनसा मी कागदाशिवाय काढून द्यायचे. "आमच्या उजूला काय लिहून द्यावं लागत नाय," हे आईंनी सगळ्या वाडीत सांगून ठेवलं होतं.

वादळ उद्या दुपारी लागणार, असं रेडिओ सांगत होता. इब्राहिमभाईंची सहा आसनी रिक्षा दहा वाजता तालुक्याला जाऊन येणार होती, मग दोन दिवस बंद. मी दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिले.

"सांगा आई, काय काय आणायचं?"

आई बोटांवर मोजत सांगायला लागल्या. "मेणबत्त्या. काड्यापेट्या. बॅटरीचे मोठे सेल. उडवीवर घालायला काळा प्लास्टिकचा कागद, जाडा बघून घे. काथ्याची दोरी. थोडी कडधान्यं आण, आठ दिवस मासळी नाय यायची आता. रॉकेल मिळालं तर बघ."

मी पायरी उतरले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि यांचा पंप वाढत आलाय गो."

मी बाबांकडे बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते बसले होते. सकाळपासून चार वेळा तरी पंप खिशातून बाहेर निघाला होता.

"हो, लक्षात आलंय माझ्या," मी म्हटलं.

"मग झालं," आई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तालुक्याच्या बाजारात त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. मेणबत्त्या तिसऱ्या दुकानात मिळाल्या. काळ्या कागदासाठी दोन बाप्यांशी भांडावं लागलं, पण मी बार्शीची, कागद घेऊनच निघाले. सगळं झाल्यावर मी आपणहून औषधांच्या दुकानात गेले. बाबांचे ते टेकलेले हात डोळ्यांपुढून जात नव्हते.

"दम्याच्या माणसाची छाती भरली तर चोळायला काय चांगलं?" मी विचारलं.

दुकानदारानं निलगिरीच्या तेलाची बाटली पुढे केली. "पंप आहे ना घरात?"

"आहे की. तोच हल्ली फार वाढलाय, म्हणून तर विचारतेय."

"मग वादळ गेलं की डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा. दुसरं काही?"

"नाही, एवढंच," मी म्हटलं. त्याच्या मागच्या फळीवर निळ्या पंपांची खोकी एकावर एक रचलेली होती. ती मला अजून दिसतात.

परत येऊन सामान आत लावलं आणि काळा कागद घेऊन बाहेर आले, तेव्हा आई अंगणात उडवीवर ठेवायला दगड गोळा करत होत्या.

"आणलंस सगळं?"

"सगळं. औषध फडताळात ठेवलंय."

"शाणी माझी बाय," त्या म्हणाल्या. आठ महिन्यांत असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, आणि मी दिवसभर त्या शब्दावर खूश होते.

संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर दिगंबरचा फोन आला. "मी निघून येऊ का?" तो विचारत होता.

"तुम्ही येऊन काय वारा धरून ठेवणार आहात?" मी म्हटलं. "इथे सगळं आणून ठेवलंय मी. नका काळजी करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आडवा यायला लागला. अकराच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला. तोवर तो येत होता आणि जात होता, आता नुसता येतच राहिला. मागच्या आगरातल्या पोफळी जमिनीपर्यंत वाकत होत्या. एक मोडली, मग एकामागून एक मोडत गेल्या. आई देवघरासमोर बसून राहिल्या आणि मी पडवीचं दार पाठीनं दाबून धरलं.

मग उडवीवरचा कागद सुटला. फडफडताना दिसला आणि दिसेनासा झाला.

"अरे, भात!" म्हणून बाबा उठले.

"बाबा, जाऊ द्या भात!" मी ओरडले, पण मला बाजूला सारून ते बाहेर पडले. मीही मागून गेले. दोघांनी मिळून उडवीवर जुनी चटई ओढली, वर पाटा ठेवला, जुनं मोडकं बाकडं आडवं टाकलं. चार-पाच मिनिटांचं काम असेल. आत आलो तेव्हा दोघेही नखशिखांत भिजलेलो होतो आणि बाबांच्या छातीतून शिटी वाजत होती.

आईंनी त्यांचं अंग पुसलं, कोरडा सदरा घातला. बाबांनी पंप ओढला. एकदा ओढला, दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा नुसता फुस्स आवाज आला. त्यांनी तो जोरात हलवून पुन्हा तोंडात धरला, आणि त्यातून काहीच आलं नाही. त्याच वेळी माजघरावरची कौलं उडाली आणि पाण्याचा लोट थेट आत आला. आम्ही बाबांना दोन्हीकडून धरून स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीला टेकवून बसवलं.

"नवा काढ गो!" आई ओरडल्या.

"काय नवा?"

"पंप! फडताळातला! काल आणलास तो!"

"मी निलगिरीचं तेल आणलंय, आई."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तेल काय करायचंय? पंप कुठाय? निघताना सांगितलं ना तुला, यांचा पंप वाढत आलाय म्हणून!"

तेव्हा मला कळलं.

आमच्याकडेही बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू वाढतं, देवापुढचा दिवा वाढवतात. फुटलं, संपलं, विझलं असं अशुभ बोलायचं नाही, म्हणून 'वाढलं' म्हणायचं, हे लहानपणापासून ऐकत आले होते मी. पण ते कुंकू, ती बांगडी, तो दिवा. औषधाच्या दुकानातला प्लास्टिकचा पंपही वाढतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, बाबांचं पंप ओढणं वाढलंय, एवढंच त्या सांगताहेत. आणि ज्या वस्तूवर नवऱ्याचा श्वास अडकलाय ती "संपत आलीय" असं त्या बाईच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. मिठाला जी संपू द्यायची नाही ती पंपाला कशी संपू देईल?

"बोल की! कुठाय?"

"विसरले, आई," मी म्हटलं.

खरं सांगते, त्या क्षणी मी काही थोर विचार केला नव्हता. आईंचा चेहरा समोर होता. त्यांचे दोन्ही हात बाबांच्या छातीवर होते. तुमच्या शब्दामुळे पंप आला नाही, हे त्या चेहऱ्याला सांगायला जीभ वळेना. माझी जीभ एवढी तिखट, पण तेव्हा वळली नाही. "विसरले" हा शब्द जवळ होता, तो मी उचलला.

"विसरलीस?" आई म्हणाल्या. "तू?"

बाबांनी ऐकलं. ते आईंकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले, आणि मांडीवरचा हात उचलून असू दे, असू दे, असा हलवला. चाळीस वर्षं त्यांनी आईंचं बोलणं ऐकलेलं होतं. मला वाटतं, त्यांना सगळं उमगलं. पण ते माझं वाटणं. विचारायची सोय पुढे राहिली नाही.

"घाणेकर गुरुजींकडे असतो पंप," मी म्हटलं आणि पदर खोचला. घाणेकर गुरुजी वरच्या वाडीत राहायचे, त्यांनाही दमा होता. चालत दहा मिनिटांची वाट.

"अशा वाऱ्यात कुठं जातेस?"

"जाते, आई."

नेहमीची पाणंद नव्हतीच. तिथे आडव्या पोफळी होत्या, माडाची झापं होती, विजेचे खांब होते आणि गुडघाभर पाणी होतं. मी उभी राहिले की वारा मला पाडत होता, म्हणून गडग्याला धरून बसत-बसत गेले. जांभ्याच्या दगडानं हात सोलवटून निघाले. एका ठिकाणी फणस पडला होता, त्याच्या खालून सरपटत जावं लागलं. सगळी वाट मी मनाशी एकच म्हणत होते, बाबा, थोडं थांबा, बाबा, थोडं थांबा. गुरुजींचं दार वाजवलं तर आवाज आत जाईना, मग दगड घेऊन बडवलं.

गुरुजींनी काही विचारलं नाही. मी "पंप" म्हटल्याबरोबर आत गेले आणि दोन घेऊन आले. "हा माझा वापरातला, हा नवा. दोन्ही ने."

"तुम्हाला लागला तर?"

"मी बसून आहे पोरी. पळ."

येताना वारा पाठीवर होता, पण जाताना केलेली वाट राहिली नव्हती. तो फणसही आणखी खाली बसला होता. मी वरून चढले, घसरले, पोलक्यात ठेवलेले पंप चाचपून बघितले आणि पुन्हा चढले. जायला-यायला किती वेळ लागला ते मला नंतर घड्याळावरून कळलं. एक तास दहा मिनिटं.

स्वयंपाकघरात आई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बाबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. शिटीचा आवाज थांबलेला. क्षणभर मला बरं वाटलं, की दम बसला.

"आणलास?" आईंनी विचारलं.

मी नवा पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपण काढलं, नीट हलवला, बाबांचे ओठ उघडून त्यात धरला आणि दाबला. औषधाची वाफ बाबांच्या तोंडातून तशीच बाहेर आली.

"ओढा," आई म्हणाल्या. पुन्हा दाबला. "ओढा हो. आणलाय तिनं. ओढा ना."

असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मी त्यांचा हात धरायला पाहिजे होता, पण माझ्याच्यानं ते झालं नाही. मी दारातच खाली बसले आणि लहान मुलासारखी भोकाड पसरून रडले. बाहेर वारा उतरायला लागला होता.

फोन बंद, वीज बंद, रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या माणसांनी झाडं तोडत स्मशानापर्यंत वाट केली. बाबांच्या भाच्यानं अग्नी दिला. दिगंबरला कळवायला एक माणूस तालुक्यापर्यंत चालत गेला, आणि दिगंबर आला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. शेवटचे चौदा किलोमीटर तोही चालत आला होता. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही आणि अग्नीही द्यायला मिळाला नाही. अंगणात उभा राहून त्यानं आईला विचारलं, "पंप नव्हता घरात?"

मी दारामागे होते. आई म्हणाल्या, "उजू विसरली रे. गडबडीत राहिला."

दिगंबरनं दाराकडे बघितलं. मी दिसले त्याला.

"तिला कोणी काय बोलायचं नाय," आई लगेच म्हणाल्या. "सांगून ठेवते. वाऱ्यातून गेली ती पोर, मरायची ती पण. माणूस आहे, विसरली."

तो मला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही.

तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर आईंनी मला जवळ बसवलं. माझ्या सोललेल्या हातांना त्यांनी खोबरेल लावलं. "मनाला लावून घेऊ नको गो," त्या म्हणाल्या. "माझी पण चूक हाय. दोनदा सांगायला हवं होतं मी. पण तू कधी काय विसरत नाहीस, म्हणून मी निर्धास्त राहिले."

मी मान खाली घालून बसले. तेव्हा सांगितलं असतं तर? शंभर वेळा हा विचार केलाय मी. पण मला माफ करून त्यांना थोडं बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं. दुसऱ्याची चूक माफ करता येते, स्वतःचीच चूक कळली असती तर ती घेऊन त्या कुठे गेल्या असत्या? त्यांच्या हातांतली ती तेलकट ऊब मी घेत राहिले, माफ करण्यासारखी चूक माझी नसताना.

पुढे ठाण्यात जागा मिळाली. आई आमच्याबरोबर आल्या. दोन मुलं झाली, मोठी झाली. दिगंबर चांगला नवरा आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण मी बाजारात निघाले की तो कागदावर यादी लिहून हातात देतो. औषधं आणली की पिशवी स्वतः उघडून बघतो. मुलांच्या शाळेच्या तारखा, गॅसचा नंबर, लग्नकार्यं, सगळं मी तोंडपाठ सांगते, तरी तो एकदा हळूच विचारतोच, "नक्की ना? नीट आठव." रागानं नाही विचारत, म्हणून तर जास्त लागतं. रागावला असता तर मी भांडले तरी असते.

सासरी-माहेरी सगळीकडे मी विसरभोळी ठरले. बाबांच्या श्राद्धाला दरवर्षी कोणी ना कोणी विषय काढायचं, आणि दरवर्षी आई माझी बाजू घ्यायच्या. "पोर विसरली, त्याला आता काय करायचं?" सोळा वर्षं त्यांनी मला न चुकता माफ केलं. मला त्यांची माया वाटायची आणि कधी कधी त्यांचा भयंकर राग यायचा, दोन्ही एकदमच.

मागच्या वर्षी आई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. तेराव्याची माणसं पांगली, मुलं पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेली. दुपारचे चार वाजले असतील. दिगंबर खिडकीशी आईंच्या खुर्चीत बसला होता. मी चहा घेऊन गेले आणि समोर बसले. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. ज्यांना जपायचं होतं त्या गेल्या.

"तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "बाबांचा पंप मी विसरले नव्हते."

त्यानं कप खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. दारातलं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. आई काय म्हणाल्या, मला काय वाटलं, दुकानदार काय म्हणाला, स्वयंपाकघरात काय झालं, बाबांनी हात कसा हलवला. सोळा वर्षं मनात घोकलेलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सांगताना मला इतकं हलकं वाटत होतं की चहा निवतोय याचंही भान राहिलं नाही.

दिगंबरनं निवलेला कप बाजूला सारला.

"आई असताना का नाही बोललीस?"

"त्यांना कळलं असतं तर त्या जगल्या नसत्या, म्हणून."

"आई मला बाजारात पाठवायची तेव्हा 'वाढत आलंय' असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला त्या कागदावर लिहून द्यायच्या. आणि तुम्ही घरी होतात कुठे? दहावीनंतर बाहेरच होतात."

"उजू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "आईनं तुला जन्मात एका शब्दानं दुखावलं नाही. लोकांसमोर तुझ्यासाठी उभी राहिली. आज तिचं तेरावं. आणि तू ते तिच्यावर ढकलतेस? ती उत्तर द्यायला नाही म्हणून?"

मी तोंड उघडलं. शपथ घ्यावी, अगदी मुलांची घ्यावी, असं मनात आलं. ज्या तिघांनी ते बोलणं ऐकलं त्यातले दोघे गेले होते आणि तिसरी मी, विसरभोळी. समोर त्याचा चेहरा होता. पन्नाशीला आलेला माणूस, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, आणि त्या डोळ्यांत त्याची आई शाबूत राहावी एवढीच विनवणी. असाच एक चेहरा मी सोळा वर्षांपूर्वी बघितला होता, आणि तेव्हा जे करता आलं तेच मला आताही करता येत होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "चुकले. विसरलेच होते मी. इतकी वर्षं मनाला खात होतं, म्हणून काहीतरी जुळवत बसले असेन."

त्यानं दीर्घ श्वास सोडला. उठून माझ्याजवळ आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आईनं तेव्हाच माफ केलं होतं तुला," तो म्हणाला. "मला जमत नव्हतं. आज मीही केलं."

मला रडू फुटलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला वाटलं, मी मोकळी झाले.